लेलँडची मसाला बीअर

"या वर्षी माझी बीअर प्यायल्यावर लोक खेकडे विसरतील! लिहून ठेव!" लेलँड प्रुइटने बायकोला बजावलं.

नॅडीनने काही लिहून ठेवलं नाही. छत्तीस वर्षं चेसापीकच्या खाडीत खेकडे पकडून नवरा निवृत्त झाला आणि गॅरेजमध्ये बीअर गाळत बसला, हे दुःख ती मुकाट सोसत होती. गावच्या अग्निशमन दलाच्या खेकडा-मेजवानीत घरगुती बीअरची स्पर्धा असते. सलग चार वर्षं लेलँडचा नंबर शेवटून पहिला! म्हणून यंदा त्याने सहा आठवडे खपून बीअरमध्ये खेकड्यांवर भुरभुरतात तोच लाल तिखट मसाला मुरवला होता.

जुलैचं ऊन रणरणत होतं. लेलँडने पिंप चुलीजवळच्या सावलीत ठेवलं आणि तो बर्फ आणायला गेला. परत आला तेव्हा परीक्षक कॅप्टन ओटिस ग्लास घेऊन उभेच!

"ओत रे, लेलँड! मरायचं तर लवकर मरू."

उन्हाळी सर्दीने लेलँडचं नाक चोंदलेलं. त्याने ऐटीत दोन ग्लास भरले. दोघांनी एकदमच घोट घेतला.

लेलँडच्या जिभेवर वीज पडली! डोळ्यांतून धारा, कानांतून वाफा! व्हिनेगर! ही त्याची बीअर नव्हतीच. खेकडे वाफवायला नॅडीनने शेजारच्या तसल्याच पिंपात कालवलेलं व्हिनेगर, शिळी बीअर आणि मूठभर मसाला होता तो!

कॅप्टनचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लालबुंद झाला. लेलँडने मान खाली घातली.

"लेलँड..." कॅप्टन घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अजून आहे?"

"आं?"

"अरे, काय चीज बनवलीस! डोक्यातली सगळी जळमटं उडाली!"

बघता बघता पिंपापुढे रांग लागली. लेलँडने नॅडीनला बाजूला ओढलं.

"माझं पिंप कुठंय?"

"मसाल्याच्या वासाचं ना? ते खेकड्यांच्या पातेल्यात ओतलं की मी!"

"अगं, माझी सहा आठवड्यांची बीअर होती ती!"

"अगंबाई! मग हे लोक काय पितायत?"

"हळू बोल!"

तेवढ्यात कॅप्टननी लेलँडच्या शर्टावर पहिल्या नंबरची निळी फीत टाचली. टाळ्यांचा कडकडाट झाला! लेलँड कसनुसा हसला. मग वाफाळते खेकडे टेबलावर ओतले गेले. कॅप्टननी हातोडीने एक नांगी फोडली, मांस तोंडात टाकलं आणि घाईघाईने कागदात थुंकलं.

"शी! नॅडीन, बीअर फक्कड आहे गं, पण हे खेकडे कसल्या गटारात शिजवलेस?"

नॅडीनने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

लेलँड फीत सावरून टेबलाशी बसला आणि एकटाच खात राहिला. अकरा खेकडे!