गेनूमामांचा कान

गेनूमामा कोणाच्याही घरी आले, की बसण्याआधी भिंतीवरच्या विजेच्या मीटरला कान लावायचे. डोळे मिटून, मान तिरकी करून. तोवर घरातली माणसं गप्प उभी. मग "बरं हाय याचं," म्हणून खाली बसायचे आणि आमची खुशाली त्यानंतर विचारायचे.

ते कंपनीत वायरमन. मूळचे निघोज्याचे, आमच्या चिंचवडच्या चाळीत शेवटच्या खोलीत एकटे राहायचे. एका लग्नात मंगलाष्टकं थांबवून त्यांनी लाऊडस्पीकरच्या पेटीला कान लावला होता. सगळे अक्षता मुठीत धरून ताटकळले. "ते बोलतंय," मामा म्हणाले, "तुमी ऐकत न्हाई." एकदा पेटत्या स्टोव्हचं ऐकायला गेले आणि कानापुढचा कल्ला जाळून घेतला.

त्या वर्षी कंपनीच्या ट्रेलरचा ब्रेक गेला. परदेशातून आलेला ट्रेलर, जीपमागे जोडायचा. जीपचा ब्रेक दाबला की तारेतून वीज मागे जाते आणि ट्रेलरच्या चाकातलं लोहचुंबक चाक धरतं. जीप आमचे हे चालवायचे. दसऱ्यानंतर ट्रेलर पहिल्यांदाच बाहेर काढला, तर फाटकाच्या उतारावर जीप थांबली, ट्रेलर थांबेना. जीपला ढकलत तो फाटकावर आदळला. कोणाला लागलं नाही. पण हे टेम्पररी होते, दिवाळीला पर्मनंट व्हायचे होते. साहेब म्हणाले, उद्या येऊन बघतो, चूक तुझी निघाली तर कामावर येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चाळीपुढच्या मैदानात जीप आणि ट्रेलर उभे केले. हे सारखे येरझारा घालत होते. चपलांच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून मामांनी ह्यांना साहेबांना आणायला पिटाळलं. मग ब्रेक दाबायला माणूस उरलं नाही; जवळ मीच उभी होते, म्हणून मला हाक मारली.

मी जीपमध्ये कधी बसले नव्हते. अख्खी चाळ गॅलरीत. पदर घट्ट धरून चढले. मामा ट्रेलरखाली शिरले आणि चाकाला कान लावला.

"दाब, पोरी. आता सोड."

चाक मुकं. नाडी लागते का मामा, असं वरून कोणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

मामांनी छोटा बल्ब लावून पाहिला. मी दाबलं की पेटायचा. म्हणजे वीज ट्रेलरपर्यंत येत होती, पण परत जात नव्हती. परतीची तार ट्रेलरच्या सांगाड्याला बोल्टने बांधलेली असते, तिथे ते सरकले. मग मला खाली बोलावलं.

मामांनी बोल्ट काढून ठेवला होता. तारेच्या बुडाशी तांबड्या रंगाचा जाड थर. खंडेनवमीच्या पूजेसाठी ह्यांनी सगळे बोल्ट काढून ट्रेलर कोपऱ्याकोपऱ्यात रंगवला होता आणि रंगावरच बोल्ट परत बसवले होते. झेंडूचा हार अजून लोंबत होता. रंगातून वीज जात नाही, एवढंच मामा म्हणाले. ह्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही नाही.

तेवढ्यात साहेबांची स्कूटर दिसली, मागे हे. मामांनी कानशीने भराभर रंग खरवडला, बोल्ट आवळला, मला दाबायला लावलं. चाकात टक् झालं. मलासुद्धा ऐकू आलं.

साहेबांनी विचारलं, चूक कोणाची? ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"माझी," मामा म्हणाले. "तार मीच बांधलेली. बोल्ट ढिला ऱ्हायला." बोलता बोलता पायाने तांबडा भुगा मातीत मिसळत होते.

मामांच्या कामाला तोवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. साहेब त्यांना सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. मामांनी मान खाली घालून ऐकलं. जीप परत न्यायला चढताना हे माझ्या कानाशी पुटपुटले, "म्हातारा चुकायला लागला बघ."

सगळे पांगल्यावर मी चहा नेला. म्हटलं, मामा, मी ह्यांना खरं सांगते.

"नगं," मामा म्हणाले. "भ्याला तर पुढल्या खंडेनवमीला ब्रश धरायचा न्हाई. हौसेनं रंगवतंय पोरगं, रंगवू दे. मागनं मी खरवडीन."