देवरे सर आणि वळणावरचा करंज

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी कुणाचं पोर डोळ्यांना रुमाल बांधून झाडाला मिठी मारून उभं दिसलं, तर घाबरायचं नाही. ते देवरे सरांचं पर्यावरण शिक्षण चाललेलं असतं. पोरांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, तसाच रुमाल बांधून, दोन्ही हातांनी कडुनिंब चाचपत जो उंच, टकला गृहस्थ उभा असतो, ते स्वतः सर.

आता हायवेवरच्या द्वारका चौकापासून आम्ही हाकेच्या अंतरावर. दिवसभर ट्रकचे हॉर्न. इथे कसला आलाय निसर्ग? कंपाउंडच्या भिंतीला लागून झाडांची एक रांग आहे, तेवढंच आमचं अरण्य. पण सर शाळेतून निवृत्त झाले आणि या अरण्याला ऋषी मिळाला.

सर मूळचे देवळ्याकडचे, शाळेत भूगोल शिकवायचे. रंगात आले की गावची अहिराणी बाहेर पडते. पोराच्या हातात काहीतरी ठेवायचं आणि विचारायचं, “हाई काय शे?” रुमालाआडून पोर बिचारं म्हणतं, “पान.” की सर लगेच, “नाव नको. अंग सांग.” म्हणजे खरखरीत आहे, मऊ आहे, की गार आहे, ते. माझी नात रेवा शाळेत झाडांची नावं घडाघडा म्हणून दाखवते, तर ती यांना नकोत. तीच रेवा परवा डोळे मिटून माझ्या मिसळणाच्या डब्यात बोटं घालून बसली होती. हळदीचं अंग सांगत होती. फरशी पुसली कुणी? मी.

एकदा पोरांना डोळे मिटून बसवलं आणि जे ऐकू येईल त्याचा नकाशा काढायला लावला. पक्षी, वारा, पानं असं काही यायला हवं होतं. आलं काय, तर ट्रक, पुन्हा ट्रक, पाण्याची मोटर आणि माझा कुकर. सर खालून ओरडून सांगतायत, “वहिनींचा कुकर, पश्चिमेला घ्या.” माझ्या वरणाचा आणि निसर्गाचा काय संबंध, ते मी अजून शोधतेय.

बरं, झाडांशी एवढी सलगी, पण माणसांना ओळख दाखवतील तर शपथ. गेटात आपण हसून हात जोडावेत, तर हे मान ताठ ठेवून शेजारून निघून जाणार. लक्ष तरी कुठे असतं कोण जाणे. उन्हाळ्यात चिमण्यांना पाणी ठेवायचं म्हणून पोरांची मिरवणूक काढली. मातीचं भांडं राहिलं बाजूला, पाणी ओतलं जोशांच्या स्कूटरवर उलट्या ठेवलेल्या हेल्मेटात. वर पोरांना सांगतात, “शांत बसा, येतील आता.” चिमण्या आल्या नाहीत. जोशी आले, आणि घाईघाईत त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं.

हेच जोशी आमचे चेअरमन. आमच्या इमारतीकडे वाट वळते तिथे एक करंज आहे. वाकडा, ठेंगणा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागणारा. कमिटीने ठरवलं, परवानगी काढून तो तोडायचा आणि तिथे स्कूटरी लावायच्या. त्याच बैठकीत सर उठून उभे राहिले.

“माझी पार्किंगची जागा घ्या. करंज नाही.”

स्वतःची स्कूटर विकून टाकल्यावर माणसाला असा उदारपणा सुचतो.

“का नाही, ते सांगा,” जोशी म्हणाले.

“तो वळणावर आहे.”

“म्हणून तर काढतोय, सर.”

सर खाली बसले. रविवारच्या मीटिंगमध्ये निकाल लावायचं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी मी गिरणीतून दळण घेऊन येत होते. करंजापाशी डबा खाली ठेवला आणि दम खात उभी राहिले. अजून उजेड होता, चांगलं दिसत होतं. सर गेटातून आत आले, भिंतीच्या कडेने. एका खोडावर तळवा टेकायचा, मग पुढच्या. बरोबर पोरं नाहीत, डोळ्यांना रुमाल नाही. म्हटलं, घ्या, आता एकट्याचंही शिबिर सुरू झालं. करंजापाशी आले, त्याच्या वाकड्या खोडावरून हात फिरवला, आणि बरोबर इमारतीकडे वळले ते थेट माझ्या दळणावर.

“अहो सर, एवढा मोठा डबा दिसत नाही?”

सर पायजम्यावरचं पीठ झटकत होते. “नाही दिसत, वहिनी.”

काचबिंदू. कडेचं गेलंय, मधलं जातंय. डॉक्टरांना करता येण्यासारखं होतं ते करून झालंय. मुलगा पुण्याला बोलावतोय, त्याच्या उंचावरच्या फ्लॅटमध्ये.

“तिथं मला कुणाचं अंग माहीत नाही,” सर म्हणाले. “इथं गेटापासून कडुनिंब, सीताफळ, बहावा, आणि करंज हाताला लागला की वळायचं. तो गेला की मी गेलो पुण्याला.”

“मग तो रुमाल कशाला बांधता?”

“अजून थोडं दिसतं ना. सवय करायची तर तेही झाकायला लागतं. एकट्या म्हाताऱ्यानं डोळे बांधून झाडं चाचपली तर लोक वेडा म्हणतील. पोरं बरोबर असली की त्याचं पर्यावरण शिक्षण होतं.” मग म्हणाले, “जोशांना सांगू नका. कीव करून ठेवलेलं झाड नको मला.”

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी सांगितलं, करंज राहील. दळण घेऊन येताना मी तिथे टेकते. माझ्या गुडघ्यांविषयी कुणाला काही बोलायचं असेल तर समोर येऊन बोला. कुणी आलं नाही. जोशी कपाळ चोळत म्हणाले, “बरं, काकू.”

सरांचं ते शिक्षण मला अजूनही पटलेलं नाही. खोडाला मिठी मारून पर्यावरण वाचत असतं, तर आमचा वॉचमन केव्हाच वनमंत्री झाला असता; दिवसभर तो झाडालाच टेकलेला असतो. पण परीक्षा आल्या की पोरं येत नाहीत, आणि सर एकटेच हातात रुमाल घेऊन कडुनिंबापाशी उभे असतात. त्या रविवारी मी कुकर बंद करते आणि खाली जाऊन त्यांच्यामागे रांगेत उभी राहते. रुमाल मात्र दोन नेते, घरी धुतलेले. त्यांचा फार कळकट असतो.