नान चावल्याचा दाखला

परदेशगमनाच्या कामी आमच्या महल्ला समितीचा संबंध एका दाखल्यापुरताच येतो: अमुक व्यक्ती अमुक घरात राहते आणि शेजाऱ्यांशी भांडत नाही. यातला दुसरा भाग कोकंदमध्ये कुणाला सहजासहजी मिळत नाही. पण सालोमत-ओपांना, म्हणजे आमच्या गल्लीच्या थोरल्या बहिणीला, मी तो एका बैठकीत करून दिला, कारण त्या माझ्या समोरच राहतात आणि भांडायचंच तर त्यांना माझ्याशी भांडावं लागलं असतं. मी तुरोबजोन, समितीचा सचिव. शिक्का माझ्याकडे असतो.

ओपांची मुलगी मुखाय्यो लग्न होऊन समुद्रापलीकडच्या एका थंड देशात गेली होती आणि आता तिचे दिवस भरत आले होते. पहिलटकरणीजवळ आई हवी. निदान चिल्ल्याचे चाळीस दिवस तरी हवीच. नाहीतर बाळाला मिठाच्या पाण्याने न्हाऊ घालणार कोण, पाळण्यात बांधून निजवणार कोण? ओपांची मागणी एवढीच होती. त्यांना तो देश पाहायचा नव्हता. देशाला मात्र त्यांना पाहायचं होतं, तेही ताश्कंदच्या वकिलातीत, समक्ष, मूळ कागदपत्रांसह.

इथे ओपांकडून चूक झाली. मुलाखत झाली की तिथूनच विमानात बसवतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. म्हणून त्या दिवशी पहाटे सगळी गल्ली दारात जमली, दुआ झाली आणि उंबऱ्यावर ओपांनी नानाचा घास चावला. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस असा एक घास चावून जातो आणि उरलेला नान घरात खिळ्याला टांगतात. राहिलेला वाटा माणसाला परत ओढून आणतो. परतल्यावर त्याने तो खायचा. आमच्या गल्लीतली पोरं सैन्यातून परत आली ती याच ओढीने. रेल्वेचा त्यात वाटा फार थोडा.

ओपा पेटी घेऊनच वकिलातीत शिरल्या. पेटीत सुके जर्दाळू होते आणि पाळण्याचे पट्टे. मुलाखतीला बाडबिस्तरा घेऊन आलेली बाई पाहून काचेमागची अधिकारी जरा सावध झाली. तिने दुभाष्यामार्फत विचारलं, "तुम्ही परत याल याला पुरावा काय?"

"पुरावा कसला, बाई? मी नान चावून आलेय."

दुभाष्या सरळ माणूस होता. त्याने वाक्य होतं तसंच पलीकडे पोचवलं. अधिकारी बाईंनी थोडा विचार केला. अर्जात 'मायदेशाशी असलेले इतर बंध' असा एक रकाना रिकामाच होता. त्यात त्यांनी 'नान' असं लिहिलं आणि खाली शेरा मारला: पुरावा सादर करावा, आणि निर्णय होईपर्यंत तो आहे त्या स्थितीत ठेवावा.

संध्याकाळी ओपा पेटीसकट गल्लीत परतल्या आणि दारातच पेच उभा राहिला. आमचे अध्यक्ष-ओता वयाने आणि दाढीने सर्वांत मोठे. ते म्हणाले, नान खिळ्याला आहे तोवर बाई प्रवासात. घरात शिरायचं तर आधी नान खावा. तेवढ्यात मी लक्षात आणून दिलं की नान खाल्ला तर पुरावा नष्ट होतो. हे मीच लक्षात आणून दिलं, नाकारत नाही. सचिवाने बारकावे पाहायचे नाहीत तर कुणी पाहायचे? तेव्हा ओपांनी पेटी उचलली आणि गल्ली ओलांडून त्या आमच्याकडे राहायला आल्या. आमच्या ओसरीतून त्यांना आपलं फाटक दिसे, अंगणातलं जर्दाळूचं झाड दिसे आणि दार उघडं असलं तर नानही दिसे.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. वकिलातीने पहिली शंका काढली की हा घास अर्जदारानेच चावला कशावरून. शंका रास्त होती. ओपांचे वरचे पुढचे दात सोन्याचे आहेत, सोव्हिएत काळात बसवलेले. दंतवैद्याने त्यांच्याकडून मळलेल्या कणकेवर ठसा घेतला, नानाशी ताडून पाहिला आणि 'घास अर्जदाराचाच' असं लेखी दिलं. मी शिक्का मारला. उलट टपाली विचारणा आली: नान एका पत्त्यावर आणि अर्जदार दुसऱ्या पत्त्यावर, असं का? मी खोटं लिहीत नाही. 'नान घरी आहे, अर्जदार प्रवासात आहे,' असं कळवलं आणि नियमाप्रमाणे एक प्रत निवृत्तिवेतन कार्यालयाला पाठवली. त्यांनी प्रवासात असलेल्या बाईचं निवृत्तिवेतन तातडीने थांबवलं. इतकं तत्पर कार्यालय मी दुसरं पाहिलेलं नाही.

"उका, मी कुठे प्रवासात आहे रे?" धाकट्या भावाला विचारावं तसं ओपा म्हणाल्या. "तुझ्याच ओसरीत बसून गाजरं सोलतेय ना?"

मी त्यांना समजावलं की ओसरीतून तसं दिसतं, फायलीतून वेगळं दिसतं. त्यांनी गाजर आणि सुरी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा उचलून सोलायला लागल्या.

गल्लीला ही व्यवस्था लवकर अंगवळणी पडली. येणारेजाणारे ओपांना 'तिकडची' हवा कशी आहे विचारू लागले. हवा बरी आहे, ओपा सांगायच्या, फक्त तुरोबजोनच्या घोरण्याने डोळ्याला डोळा लागत नाही. एकीने तर येताना काय आणाल म्हणून विचारलं.

मुलगा झाला. फोनच्या पडद्यावर ओपांनी नातू पाहिला आणि फोनवरूनच मुखाय्योला सांगितलं की पाण्यात मीठ चिमूटभरच घाल, कोपर बुडवून ऊन बघ, मान धर, अगं मान धर. मुखाय्यो तिकडे रडत होती. नातू तिच्या हातून निसटत होता आणि ओपांचे हात इकडे हवेत त्याला धरत होते. मला फार वाईट वाटलं. चिल्ला असाच सरला. ओपा रडल्या नाहीत, पण आमच्या घरातली सगळी गाजरं सोलून संपली.

आता माझ्या बायकोविषयी. झुम्रद मनाची मोठी आहे, कुणालाही विचारा. पण द्राक्षं पिकायला आली तशी तिची बहीण अंदिजानहून येते म्हणाली, आणि पाहुण्यांची खोली तर ओपांकडे. एका दुपारी पुलाव वाढताना झुम्रद अगदी गोड आवाजात म्हणाली, "ओपा, तुम्ही काय, घरच्याच. तसं काही नाही हो. पण साधारण कधीपर्यंत असेल तुमचं?"

ओपांनी हातातला घास ताटात ठेवला. "झुम्रद, वकिलातीतल्या त्या बाईनेही हेच विचारलं होतं गं," त्या म्हणाल्या. "पण ती काचेमागून विचारत होती."

झुम्रद चहा आणायला आत गेली आणि बराच वेळ तिला चहा सापडला नाही. मी पुलावातले मनुके वेचत बसलो.

त्याच आठवड्यात वकिलातीचं उत्तर आलं. अर्ज नामंजूर. कारणं तीन: अर्जदार दीर्घकाळ स्वतःच्या घरी राहत नाही, तिला उत्पन्न नाही, ती परक्यांच्या आश्रयाला आहे, सबब परत येण्याची खात्री वाटत नाही. तिन्ही गोष्टी माझ्याच शिक्क्याने सिद्ध झाल्या होत्या. ओपांनी मला पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग उठल्या, पेटी घेतली, गल्ली ओलांडली आणि खिळ्यावरचा नान काढला. त्याची वीट झाली होती. सगळ्या गल्लीसमोर चहात बुडवून बुडवून त्यांनी तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. अध्यक्ष-ओतांनी दाढीवरून हात फिरवला आणि प्रवास संपल्याचं जाहीर केलं.

प्रवास संपला की परतीची नोंद करावी लागते. ते माझं कर्तव्यच. मी नमुना भरला. देश: तुरोबजोनचं घर. वर्तणूक: उत्तम. परतण्याचं कारण: यजमानांनी विचारणा केल्यावर स्वेच्छेने. शिक्का मारला, आणि ओपांच्या नव्या अर्जाला तो कागद जोडून दिला. कारण त्या अर्जात एक रकाना असा असतो की यापूर्वी कुठे गेला होतात आणि मुदतीत परत आलात का. जो कधी कुठे गेलाच नाही त्याला ते जाऊ देत नाहीत. जो जाऊन आला त्याला पुन्हा जा म्हणतात. देशाच्या नावाबद्दल वकिलातीने एक अवाक्षर काढलं नाही. रकाना भरलेला होता, खाली शिक्का होता, व्हिसा आला.

तोवर नातू बसायला लागला होता. ओपांनी नवा नान चावला, या वेळी तिकीट हातात आल्यावर. पोचल्यावर त्यांनी आम्हाला फोन केला. झुम्रदने तो माझ्याच हातात दिला.

"सुखरूप पोचलात ना, ओपा?"

"पोचले रे. मुखाय्यो गळ्यात पडून पोटभर रडली. पोराला माझ्या मांडीवर दिलं, पेटी गाडीत ठेवली. गाडी सुरू झाली आणि मला म्हणाली, आई, परतीचं तिकीट कधीचं आहे गं?"

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? ओपा म्हणाल्या, काय म्हणणार, आजच तर आले. मग नातू फोन ओढायला लागला आणि बोलणं तिथेच तुटलं.

मुखाय्योला बोल लावायला मी कोण? तिच्या घरात खोल्या दोन आणि नवऱ्याची आई पुढच्या महिन्यात यायची आहे, असं मागाहून कळलं. पण तुम्ही मघापासून त्या वकिलातीला हसताय म्हणून विचारतो. या सुट्टीत तुमच्याकडेही कुणी येणार असेल. त्यांचा फोन येईल, तुम्ही "या, या" म्हणाल. त्यापुढचं तुमचं वाक्य काय असतं, तेवढं आठवून ठेवा. काचेमागच्या खुर्चीवर बसायला वकिलातीला माणसं लागतातच, आणि दाखला द्यायला मी आहे.