राऊतकाकांचा स्पिल

राऊतकाकांसमोर कुणाच्या हातून काही सांडलं, की ते शिट्टी वाजवतात. खरीखुरी शिट्टी, गळ्यात दोरीने अडकवलेली. आम्ही एव्हरशाईन सिटीत राहायला आलो त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरून ते ओळख करून घ्यायला आले. गप्पांच्या नादात माझा चहाचा कप कलंडला आणि शिट्टी वाजली. मला वाटलं आग लागली की काय कुठे.

"स्पिल आहे. कोणी हलू नका," काका म्हणाले. "ताई, भाजलं का?"

भाजलं नव्हतं. मग त्यांनी चहाच्या ओघळाभोवती आमच्याच खुर्च्या उलट्या करून मांडल्या, खाली जाऊन स्वतःच्या दाराशी ठेवलेली वाळूची लाल बादली आणली, दोन मुठी वाळू पसरली आणि मगच माझं नाव विचारलं. ती वाळू पुढे आठवडाभर आमच्या पायाला लागत होती. सासूबाईंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, की या गृहस्थांना पुन्हा चहाला बोलावशील तर बघ.

काका वसईच्या खाडीकाठचे, शेतीवाडीवाल्या घरातले. पण सगळी नोकरी केली ती केमिकलच्या कारखान्यात, सेफ्टी ऑफिसर म्हणून. कारखाना सुटला, स्पिल हा शब्द काही सुटला नाही. त्या शब्दाच्या बाबतीत ते फार काटेकोर आहेत. ऊठसूट कशालाही स्पिल म्हटलेलं त्यांना खपत नाही. नळातून टपकतं ते लीक. बादली भरून वाहते तो ओव्हरफ्लो. आपण हाताने ओततो ते ओतणं, त्याची चर्चा नाही. "मनात नसताना हातून गेलं पाहिजे, तेव्हा तो स्पिल," असं ते समजावून सांगतात. आमचं दूध उतू गेलं तेव्हा त्याला काय म्हणावं यावर त्यांनी जिन्यात उभं राहून बराच विचार केला. शेवटी ओव्हरफ्लो ठरला. मी तोवर शेगडी घासून मोकळी झाले होते.

त्यांना निरुत्तर केलं ते फक्त मासळीवाल्या बाईंनी. त्यांच्या टोपलीतून पाणी गळत जिन्याभर आलं होतं. काका म्हणाले, हा लीक आहे, याचा बंदोबस्त करा. बाईंनी टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "मावऱ्याला पानी नाय घालू तं काय डिझेल घालू?" त्या दिवशी काकांनी मुकाट्याने पापलेट घेतलं.

पण त्यांच्या या वेडात एक नियम होता, आणि त्या नियमामुळे मला ते आवडायला लागले. सांडणाऱ्याला ओरडायचं नाही. माझ्या लेकीने तेलाची बाटली फोडली तेव्हा मी धपाटा घालायला हात उचलला होता. काका दारात उभे. म्हणाले, "ओरडलं की माणूस पुढच्या वेळी लपवतो. आणि लपवलेला स्पिल सगळ्यात वाईट."

त्यांच्याच घरात असं लपवणं चाललं होतं, हे मला उशिरा कळलं. मालतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, वाढायच्या कामात एकदम तरबेज. पंगतीत कढी वाढावी तर काकूंनी. द्रोणाच्या काठाला थेंब लागत नसे. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं चालू होती, पण थरथर थांबेना. मग काकूंनी गुडघे दुखतात असं सांगून खाली उतरणंच सोडलं. हळदीकुंकू नाही, भजन नाही. "हाताकडे बघतात लोक, म्हनते," काका एकदा जिन्यात मला म्हणाले. "मी किती समजवू? घरात माझ्यासमोर पन कप धरत नाय आता." नेहमीचा ऑफिसरचा आवाज त्यात कुठेच नव्हता.

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. काकांनी मला तीनदा विचारलं, की गर्दी कधी कमी असते. आणि खरंच, आरती झाल्यावर गर्दी जरा ओसरली तेव्हा काकूंना घेऊन आले. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती, हात पदराखाली. भिंतीला टेकून बसल्या.

मी तीर्थ देत होते. काकूंसमोर आले, तेव्हा त्यांनी उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा धरला. मी पळीने तीर्थ घातलं आणि तळवा असा हलला, की एक थेंबही ओठापर्यंत गेला नाही. सगळं फरशीवर. तीर्थ जमिनीवर पडू नये म्हणून आपण किती जपतो. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं आणि सगळे तिकडे बघायला लागले. काकूंनी हात पदराखाली ओढला आणि दाराकडे पाहिलं. मला कळून चुकलं, की या आता उठल्या तर पुन्हा कुणाच्या घरी यायच्या नाहीत.

तेवढ्यात दाराजवळच्या टेबलावरचा मसाला दुधाचा मोठा जग आडवा झाला. दूध टेबलावरून खाली, सतरंजीवर, पाहुण्यांच्या साड्यांच्या निऱ्यांपर्यंत.

"स्पिल माझा," राऊतकाका मोठ्याने म्हणाले. "माझ्या हातून झाला. कोणी हलू नका."

पण सगळेच हलले. हसू फुटलं. शिट्टी कुठेय, वाळू कुठेय, सेफ्टी ऑफिसरला दंड करा, असं जो तो बोलून घेत होता. काका हात जोडून ऐकत होते. सासूबाई फडकी आणायला धावल्या. काकूंकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही. मी पुन्हा पळी भरली, त्यांच्या हाताखाली माझा हात धरला, आणि त्यांनी तीर्थ घेतलं.

काका टेबलाशी उभे होते तेव्हा मी त्यांचं कोपर पाहिलं होतं. ते चुकून लागलेलं नव्हतं. स्पिल या शब्दाला इतकं जपणारा माणूस चारचौघांत त्याबद्दल धडधडीत खोटं बोलला होता. मला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मीही फरशी पुसायला बसले.

निघताना काकूंनी दारातच त्यांना झापलं. एवढा मोठा जग दिसला नाही का, लोकांच्या साड्या खराब केल्या, लाज आणलीत. काका खुशीत मान डोलवत जिना उतरायला लागले. काकू मात्र चप्पल घालायला रेंगाळल्या.

"त्यांना वाटतं, मला कळलं नाय," त्या हळूच म्हणाल्या. "आधी जगाचं झाकन काढलं, नीट बाजूला ठेवलं, मग कोपर मारलं. मी बघत होते ना." त्यांना हसू आलं, आणि डोळेही भरले. "तू बोलू नको हां त्यांना."

मी मान हलवली. त्यांनी कठडा धरला, एक पायरी उतरल्या आणि वळून म्हणाल्या, "मंगळवारी भजनाला खाली जाशील, तेव्हा मला हाक मार."