टाकून राहिलो

साहेब, सावनेरचं आमचं वाचनालय तुम्ही बुडवलं! नाव घेत नाही. पण वाचनालयांसाठीच्या त्या फुकट, सर्वांना खुल्या प्रोग्रामची किल्ली ज्या पुणेकर साहेबांच्या हातात आहे, त्यांना बरोबर समजेल.

वाचकहो, मी कॉम्प्युटर कॉलेजात नाही, कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत भंगारातल्या डब्यावर शिकलो. सावनेरला हा प्रोग्राम मीच बसवला. ग्रंथपाल तुळसाबाईंनी दोन बोटांनी, दोन वर्षं खपून, चार हजार पुस्तकं त्यात चढवली. कॉम्प्युटर एवढा जुना की कोराडीच्या राखेखाली सापडला असावा! त्याच्यासाठी तयार प्रोग्राम मिळत नाही. कोडचे तुकडे तिथल्या तिथे जुळवावे लागतात. जुळवणाऱ्या अवजाराला म्हणतात बिल्ड टूल.

एका दुपारी साहेबांनी प्रोग्रामच्या ऑनलाइन चर्चेत लिहिलं, "बिल्ड टूलची किमान आवृत्ती वाढवतो आहे. कोणाची अडचण?"

मी ऐटीत लिहिलं, "सावनेरला नवं टूल टाकून राहिलो."

साहेबांनी होकाराचा अंगठा दाखवला आणि तासाभरात आवृत्ती वाढवली! इकडे नवं टूल बारा टक्क्यांवर धापा टाकत होतं.

सकाळी तुळसाबाईंचा फोन.

"भाऊ, पुस्तकं गेली!"

"चोरीले?"

"नाही गा, पडद्यावरून! लाल अक्षरात काहीतरी इंग्रजी बोंबलून राहिलं. शिव्या देते काय?"

"ते म्हणून राहिलं, टूल जुनं आहे. कमीत कमी तीन पॉइंट वीस पाहिजे."

"आपलं किती?"

"तीन पॉइंट पाच."

"म्हणजे साडेतीन! मंग आपलंच जास्त झालं ना गा! काहून अडून राहिलं थे?"

पॉइंटनंतरचा पाच म्हणजे पाचवी आवृत्ती आणि वीस म्हणजे विसावी, हे मी समजावू लागलो. तोच फोनवर बाईंच्या मागून वाचनालयाचे अध्यक्ष वामनराव गरजले, "रजिस्टर काढा, बाई! तीस वर्षं झाली, रजिस्टरनं कधी व्हर्जन मागितलं काय? शनिवारपर्यंत चाललं नाही, तर हा डबा अडगळीत!"

मी साहेबांना फोन लावला. "मी 'टाकून राहिलो' लिहिलं होतं ना! वाढवलं काहून?"

"म्हणूनच वाढवलं. 'टाकून' म्हणजे टाकलं. 'राहिलो' म्हणजे टिकलो. टाकूनही तुम्ही टिकलात. अर्थ स्पष्ट आहे."

"अहो, टाकून राहिलो म्हणजे टाकतो आहे! टाकणं चालू आहे!"

"मग मराठीत लिहायचं!"

माझ्या टाळूवर नागपूरचा मे महिना चढला! तरी दात आवळून लेखी विनंती केली: आठवडाभर जुनी आवृत्ती चालू द्या. साहेबांचं उत्तर आलं, एकच शब्द: "बघतो."

शनिवार उलटला, तरी नवं टूल टाकून झालं नव्हतं. डबा अडगळीत गेला, तुळसाबाईंची चार हजार पुस्तकं पोटात घेऊन.

आता खरं सांगतो. रोज सकाळी आधी जुना प्रोग्राम पुसायचा आणि मग नवा जुळवायचा, ही हुशारी माझी होती. उलटा क्रम ठेवला असता, तर जुना शाबूत राहिला असता. हे तुळसाबाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं राहिलं.

जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं, म्हणून त्या बिचाऱ्या कोऱ्या रजिस्टरात पहिल्या पुस्तकापासून पुन्हा लिहून राहिल्या आहेत. लिहून झालेलं नाही, साहेब. लिहून राहिल्या आहेत!

तुम्ही म्हणालात, "बघतो." सतरा दिवस झाले. लेखी उत्तर द्या: तुम्ही बघून राहिले, की बघायचंच राहिलं?