निघालोच समजा

संध्याकाळचे चार वाजले की आमचे मारोतराव खुर्चीत बसल्या बसल्याच हेल्मेट घालतात. पट्टा हनुवटीखाली आवळतात आणि पुन्हा कामाला लागतात. कोणी काही विचारलं तर काच वर करून बोलतात. नवा माणूस बिचकतो. "काऊन हो, हेल्मेट?" असं त्यानं म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मी तं निघालोच समजा."

आदिलाबादच्या आमच्या कचेरीत निघणं हेच सगळ्यात अवघड काम होतं. साहेब उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही, असा रिवाज. तो कोणी पाडला कोणास ठाऊक, बहुधा निजामाच्या काळातच. साहेब काही सातच्या आत उठत नसत. मग अकरा वाजता घाम कोण गाळणार? दुपारपर्यंत आम्ही कापसाचा भाव आणि जैनथ गावाची खचाखच भरलेली बस यावर चर्चा करायचो आणि खरं काम चारनंतर काढायचो. कामानं थकलो असतो तर काही वाटलं नसतं. आम्ही बसून बसून थकायचो. घरी पोचेस्तोवर पोरं पेंगलेली असायची.

त्यातल्या त्यात मारोतरावांची कीव यायची. पावणेपाचला बिचारे हेल्मेटसकट साहेबांच्या खोलीत 'निघू का' म्हणून विचारायला जात आणि पार पावणेसातला मान हलवत बाहेर येत. "धरून ठेवलं ना सायबानं. आता काय करता?"

मग साहेबांची बदली झाली आणि मॅडम आल्या. "पाँच बजे सब घर," एवढंच त्या म्हणाल्या. आश्चर्य म्हणजे साडेचारलाच टेबलं साफ होऊ लागली. काम पूर्वीचंच, माणसंही आम्हीच.

आठवडाभरानं मॅडमनी मला आत बोलावलं. "ये मारोतराव रोज पौने पाँच को आके काम मांगते. घर जाव बोले तो भी खड़ेच रहते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साहेबांनी मारोतरावांना धरून ठेवलं नव्हतं. रोज काम मागून मारोतरावांनीच साहेबांना धरलं होतं आणि साहेबांपायी आम्हा सगळ्यांना. मला भयंकर राग आला. माझ्या इतक्या संध्याकाळी या हेल्मेटवाल्यानं खाल्ल्या होत्या.

खडसवायचंच असं ठरवून मी खाली उतरलो. गाड्यांपाशी मारोतराव आपल्या मोटारसायकलवर बसले होते. हेल्मेट डोक्यात, किल्ली हातात, गाडी बंद.

"मारोतभाऊ, मॅडमला रोज काम मांगता म्हने. काऊन?"

काच हळूच वर झाली. "घरी हेल्मेट घालून बसलो तरी कोनी इचारत नाही," ते म्हणाले, "काऊन घातलं म्हनून."

आमच्या वहिनी, म्हणजे मारोतरावांच्या पत्नी, वारल्या तेव्हा आम्ही सगळे स्मशानापर्यंत गेलो होतो. त्यानंतर त्यांच्या घराकडे आमच्यापैकी कोणी फिरकलं नव्हतं. लाज वाटली.

"भाऊ," मी म्हटलं, "मले घरापर्यंत सोडता का? चहा पिऊनच जा मंग."

माझी स्कूटर बाजूलाच उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागच्या सीटवरची धूळ हातानं पुसली आणि किक मारली.