सखारामकाका आणि मारीकाकूंचं बेट

सखारामकाका आमची शिडी नुसती परत करत नाहीत, तिचं हस्तांतर करतात. दोघांनी दोन टोकं धरायची, हात मिळवायचे, मारीकाकूंनी फोटो काढायचा आणि मगच शिडी आमच्या गराजमध्ये जायची. "कसं सभ्यपणे झालं!" काका खूश.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये, आमच्या शेजारी मुलीकडे राहणारे हे काका मॉरिशसचे मराठी. तिथे शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे आमच्या 'पार्किंग मिळालं का यार'च्या शेजारी त्यांची भाषा कडक इस्त्रीची वाटते. माझं आणि नवऱ्याचं हीटिंगवरून वाजलं, की कुंपणापलीकडून हाक येते, "वाटाघाटी करा! संयुक्त निवेदन काढा!"

या वेडाचं कारण मारीकाकू. त्यांचा जन्म हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरचा. त्या लहान असताना ब्रिटिशांनी तिथल्या सगळ्यांना बोटीत घालून बाहेर काढलं, कारण एका बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. तेच काकूंचं बेट. ही बेटं मॉरिशसला परत द्यायची बोलणी सुरू झाली, तेव्हापासून काका रोज बातम्या वाचून काकूंना त्यांच्या क्रिओल भाषेत सांगायचे.

करारावर सह्या झाल्या आणि काकांनी अख्ख्या गल्लीला डाळपुऱ्या खायला बोलावलं. भाषण ठोकलं. "दोन देश, एक गोळी नाही! कसं सभ्यपणे झालं!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मी फोन रोखून विचारलं, "काकू, मग तिकीट कधीचं बुक करायचं?"

काका आपल्या भाषेत सांगतील म्हणून काकू हसून त्यांच्याकडे बघायला लागल्या. काका सरबत आणायला म्हणून आत गेले, ते आलेच नाहीत.

मी बघायला गेले तर सिंकपाशी नळ सोडून उभे.

"तिच्या बेटावर राहायला जाता येणार नाही," ते हळूच म्हणाले. "बाकीच्या बेटांवर येईल. तिच्या बेटावर तळ राहणार, आणखी शंभरेक वर्षं. दोन्ही देशांना मान्य आहे."

"काकूंना माहीत आहे?"

"तेवढं मी गाळत आलो. आजीची कबर साफ करीन, अंगणात चूल मांडीन म्हणायची. मला सांगवेना. वर तुम्हाला टाळ्या वाजवायला बोलावलं. लाज वाटते हो."

माझीही मान वर होईना. ज्या देशाचा तो तळ, त्याची नागरिक म्हणून मी नुकतीच शपथ घेतली होती, आणि तेव्हाही असेच सगळे टाळ्या वाजवत होते.

पाहुणे गेल्यावर काकांनी काकूंना समोर बसवलं. मी प्लेटा गोळा करत होते. क्रिओल मला कळत नाही, पण काका अडखळत होते, एवढं कळलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, एकच वाक्य बोलल्या आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका मेलबॉक्सपाशी भेटले. "काय म्हणाल्या काकू?"

"म्हणाली, सगळे एकमेकांशीच बोलतात, मला कुणी विचारत नाही." मग म्हणाले, "त्या सगळ्यांत मीही आलो ना?"



"सकाळपासून तीच बोलतेय," ते म्हणाले. "मी नुसता ऐकतोय. तिच्या आजीचं नावसुद्धा मला आज कळलं."

आतून काकूंची हाक आली, आणि काका बोलणं अर्धवट टाकून पळाले.